टेस्टिंगराव

तात्यासाहेब मगदुमांना दोन नावं होती. पहिलं आईवडिलांनी ठेवलेलं. दुसरं बयाबाईनं दिलं, तेही चुकून, आणि त्या दुसऱ्या नावानं हा सरळमार्गी माणूस कोल्हापुरात अकरा वर्षं गुपचूप वावरला. तात्यासाहेब टेलिफोन खात्यात लाइनमन होते. मूळचे शिरोळकडचे जैन शेतकरी. घरचा ऊस थोरल्या भावांनी सांभाळला आणि धाकटे तात्यासाहेब बहात्तर साली शिडी खांद्यावर घेऊन खात्यात चिकटले. शाळेत घालताना गुरुजींनी त्यांची जन्मतारीख एक जून लावली होती. त्या काळात निम्मा महाराष्ट्र एक जूनलाच जन्मला, तेव्हा त्यात नवल काही नाही. पण या तारखेनं पुढं त्यांचा जीव टांगणीला लावला, म्हणून सांगून ठेवलं.

त्यांच्याकडं मंगळवार पेठेतल्या दोन गल्ल्या होत्या. कोपऱ्यावर, नांदरुकाच्या झाडाखाली, खात्याची हिरवी लोखंडी पेटी. गल्लीतल्या प्रत्येक फोनची तार त्या पेटीतून निघायची. नव्वद साली पेटीत फोन होते चौदा. एक डॉक्टर, दोन गुळाचे अडते, एक वकील आणि बाकीचे असेच वजनदार लोक. उरलेल्या गल्लीनं अर्ज भरून ठेवले होते आणि ती वाट बघत होती. नुसती वाट नव्हे. तात्यासाहेब सायकलवरून आले की चार दारांतून चार हाका यायच्या, "या की पावणं, च्या घेऊन जावा!" लाइनमनला चहा पाजला तर नंबर लवकर लागतो अशी लोकांची समजूत होती. नंबर वरून लागायचा, लाइनमनच्या हातात त्यातलं काही नव्हतं. हे तात्यासाहेब प्रत्येकाला सांगायचे. चहा मात्र प्यायचे.

पिठाच्या गिरणीचा मालक बाळासो सासने यानं चौऱ्याऐंशी साली अर्ज केला आणि फोन आला ब्याण्णव साली. "अर्ज केला तवा पोरगी पाळण्यात हुती, आता तिसरीत हाय," असं तो येईल त्याला अभिमानानं सांगायचा. फोन आला म्हणून बाळासोनं गल्लीला जेवण घातलं. तांबडा, पांढरा, सुकं, सगळं साग्रसंगीत. फोनला हार, पुढं नारळ. आणि मानाच्या पाटावर तात्यासाहेब.

"वाढा, वाढा, लाइनमनसाहेबांना पयलं वाढा!"

"मी खात नाही हो. आम्ही जैन."

"बरं, मग नुसता रस्सा?"

"नको."

"मग अळणी तरी घ्या की, त्यात काय नसतंय!"

"त्यात बोकड असतोय," तात्यासाहेब म्हणाले.

शेवटी बाळासोच्या बायकोनं, शालूबाईनं, दहीभात कालवून आणला. तोही घाईघाईनं, कारण दिवस मावळल्यावर तात्यासाहेब काहीच खात नसत. चाळीस माणसं भुरके मारत होती आणि ज्याच्या नावानं हा घाट घातला तो माणूस सूर्याकडं बघत दहीभात आवरत होता. तरी घरी आल्यावर त्यांनी बायकोला, अक्काताईला, सांगितलं, "आज माझा मान झाला." अक्काताई म्हणाली, "पोट भरलं न्हाई, आणि म्हणं मान झाला."

बाळासोनं फोन घेतला खरा, पण पहिल्याच बिलानं त्याला घाम फुटला. त्यानं नंबर फिरवायच्या चकतीला छोटं कुलूप लावलं आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात अडकवली. शालूबाईचं माहेर गारगोटीला. नवरा गिरणीवर गेला की ती रिसिव्हर ठेवायच्या खटक्यावर बोटानं टिचक्या मारून फोन लावायची. दोनाला दोन टिचक्या, तिनाला तीन, शून्याला दहा. गारगोटीचा सगळा नंबर टिचक्यांनी लावायचा म्हणजे चेष्टा नाही, एक चुकली की पुन्हा पहिल्यापासून. पण माहेरची ओढ वाईट. पुढचं बिल दुप्पट आलं तसा बाळासो तात्यासाहेबांवर उखडला, "माजी लाइन कोन तरी चोरायलंय. कुलूप हाय, किल्ली माज्या गळ्यात हाय, आन् बिल येतंय कसं?"

तात्यासाहेबांनी फोन उघडून बघितला. खटका घासून घासून चकाकत होता. त्यांनी वर बघितलं. शालूबाई चहाचा कप घेऊन दारात उभी होती. चहात आलं घातलं नव्हतं, कारण जैनांना कंदमुळं चालत नाहीत हे गल्लीत एकट्या तिच्या ध्यानात राहिलं होतं.

"लाइनीत दोष न्हाई," तात्यासाहेब चहा घेत म्हणाले. "गारगोटीकडचं वारं लागलंय तिला. जाईल हळूहळू." बाळासोनं मान डोलावली आणि वाऱ्याला चार शिव्या घातल्या.

खात्याचं उत्पन्न कुठं चाललंय हे तात्यासाहेबांना वरच्या साहेबांच्या आधी कळायचं. त्यांचं माप चहाचं होतं. पहिल्यांदा जेवण मिळायचं. पंच्याण्णवच्या सुमाराला शिरा आणि चहा. अठ्ठ्याण्णव साली पेटीत दोनशे अकरा फोन झाले, तेव्हा नुसता चहा, पण तो इतक्या घरांतून की तात्यासाहेबांना पित्त झालं. जी वस्तू मिळत नाही तिच्यासाठी माणूस बोकड कापतो. मिळायला लागली की कपात भागवतो.

याच भरभराटीत, शहाण्णवच्या दसऱ्याला, बयाबाईच्या घरी फोन आला. बयाबाई महापालिकेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली सुईण. निम्मी गल्ली तिच्या हातांवर जन्मलेली, त्यामुळं ती कुणालाच घाबरत नसे. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूल नाही. बिद्रीच्या साखर कारखान्यात नोकरीला असलेला भाचा कृष्णात, यानंच तिला भरीला घातलं, "आत्ती, फोन घे. दर आयतवारी फोन करतो." दोन रविवार त्यानं केलाही. मग कारखान्याचा हंगाम सुरू झाला. हंगाम संपला तोवर कृष्णातची सवय मोडली होती.

बयाबाईची तार शेवग्याच्या झाडातून जायची. पाऊस आला की सांध्यात पाणी शिरून फोन बंद. सत्त्याण्णवच्या जुलैत तात्यासाहेबांनी तो चार वेळा दुरुस्त केला. दुरुस्त केलेला फोन दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजमधल्या टेस्टिंगच्या टेबलावरून वाजवून बघायचा, ही कामाची पद्धत. आणि खात्याच्या फोनवर बोलताना तात्यासाहेबांचा आवाज बदलायचा. शिरोळची बोली कपाटात जायची आणि नाकातून पुण्याची मराठी यायची.

"हॅलो, टेस्टिंग."

"कोन?"

"टेस्टिंग! आवाज येतो का?"

"येतोय की. बरं झालं फोन केलासा, टेस्टिंगराव. सकाळपासनं कुणाशी बोललो न्हाई बगा. घरात सगळी बरी हायत न्हवं?"

आता या प्रश्नाला खात्याच्या नियमात उत्तर नव्हतं. तात्यासाहेब म्हणाले, "बरी आहेत." आणि फसले.

मग रोज सकाळी दहाला टेस्टिंग व्हायला लागलं. चार दिवसांनी पुन्हा तार जोडायला ते तिच्या दारात शिडी लावून उभे होते. खालून बयाबाई बोलत होती. "तुमच्या हापिसात ते टेस्टिंगराव हायत बगा, काय मानूस! रोज सकाळी दहाला इचारतोय, आवाज येतोय काय म्हनून. न्हाईतर तुम्ही. चारदा सांगावा धाडल्याबिगर येत न्हाईसा."

तात्यासाहेबांनी शिडीवरूनच तोंड उघडलं. तेवढ्यात बयाबाईनं बशी पुढं केली. बशीत शेंगदाण्याचे तीन लाडू होते. "ह्यो एक तुमाला. ही दोन ह्या डब्यात घालून टेस्टिंगरावांस्नी द्या. वाटंत खाऊ नगा." खरं सांगायची ती वेळ लाडवात गेली आणि अशा वेळा दोनदा येत नाहीत. तात्यासाहेबांनी एक लाडू स्वतःच्या नावानं खाल्ला, दोन टेस्टिंगरावाच्या नावानं, आणि त्यांना स्वतःचाच हेवा वाटला.

घरी अक्काताईनं विचारलं, "हा डबा कुणाचा?"

"टेस्टिंगरावाचा."

"ते कोण?"

"मीच की."

अक्काताईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "घरात तुम्ही दिवसभरात चार शब्द बोलत न्हाईसा. त्या माणसाला एकदा आमच्याकडं बी पाठवा."

पावसाळा संपला, सांधा पक्का झाला, तरी दहाचा फोन थांबला नाही. बयाबाई टेस्टिंगरावाला गुडघ्याचं सांगायची, शेवग्याला किती शेंगा लागल्या ते सांगायची, आणि लाइनमनच्या तक्रारी करायची. "त्या तात्यासाहेबाला जरा दम द्या. चार दिवस झालं, तोंड दाखवलं न्हाई." टेस्टिंगराव नाकातून म्हणायचे, "देतो." आणि दुपारी तात्यासाहेब मुकाट्यानं हजर. मग बयाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणायची, "बगितलासा टेस्टिंगरावांचा वट?" स्वतःच स्वतःला दम देऊन स्वतःच पळत यायचं, असली नोकरी खात्यात दुसऱ्या कुणी केली नसेल.

मग मोबाइल आला. आधी तो गुळाच्या अडत्यांकडं आला, तेव्हा कुणी काळजी केली नाही. उचलला तरी पैसे पडणारं ते यंत्र टिकतंय कशाला, असं सगळ्या एक्स्चेंजचं मत होतं. दोन हजार तीन साली इनकमिंग फुकट झालं आणि त्या मताचं पाणी झालं. लोक फोन परत करायला लागले. ज्या हातांनी तात्यासाहेबांनी फोन जोडले त्याच हातांनी ते तोडून आणायची पाळी आली. चहाचं पाणी झालं, आणि पुढं पुढं तर "चपला भाईर काढा" एवढाच पाहुणचार उरला. एकदा साहेबांनी सगळ्यांना जमवून पडद्यावर उत्पन्नाची रेघ दाखवली. रेघ डोंगरासारखी वर जाऊन घसरगुंडीनं खाली आली होती. सगळे गंभीर झाले. तात्यासाहेबांना मात्र ती रेघ ओळखीची वाटली, त्यांनी ती बशीत बघितलेली होती.

सहा साली बाळासो सासनेनं फोन परत केला. पिशवीत घालून, वर कुलूपही.

"भाडं परवडत न्हाई, तात्यासाहेब."

"घरात मोबाइल किती?"

"चार. पन त्येला भाडं न्हाई की!"

त्याच्याच घरात दर दोन दिवसांनी कुणीतरी दहाचं, कुणीतरी पन्नासचं रिचार्ज मारत होतं. सगळं मिळून जुन्या बिलाच्या तिप्पट व्हायचं. पण बिल कागदावर एकदम येतं म्हणून डोळ्यांत खुपतं, चिल्लर गेलेली दिसत नाही. ज्या माणसानं तीन मिनिटांच्या एकेका युनिटापायी कुलूप घातलं त्याच्या घरात आता किल्ली कुणाच्याच गळ्यात नव्हती. शालूबाई चुलीपाशी बसून माहेरी तासभर बोलत होती, उघड उघड. तिच्या बोटांना मात्र अजून टिचक्या मारायची सवय होती. तात्यासाहेबांनी ते बघितलं आणि त्यांना उगाचच वाईट वाटलं.

साहेबांनी त्यांना बोलावून समजावलं, "मगदूम, तुमच्या पेटीतला शेवटचा फोन बंद झाला की पेटी उतरवायची. मग तुम्ही स्टोअरला बसा, परत आलेले फोन मोजायला. निवृत्तीपर्यंत आराम."

आराम! छत्तीस वर्षं खांबावर चढलेल्या माणसाला मेलेले फोन मोजायला बसवायचं. तात्यासाहेबांनी त्या दिवशी एकच हट्ट धरला. एक जूनच्या जन्मतारखेप्रमाणं एकतीस मे दोन हजार आठला निवृत्त व्हायचं, ते लाइनमन म्हणून, कमरेला हत्यारांचा पट्टा असताना. त्यासाठी पेटीत एक तरी फोन जिवंत हवा होता. जानेवारीत तीन उरले. मार्चमध्ये वकिलांनी परत दिला. एप्रिलमध्ये डॉक्टरांच्या मुलानं दिला. उरली एक तार, शेवग्यातून जाणारी.

बयाबाईचं बिल तात्यासाहेबच खिडकीवर भरून यायचे, तिचे गुडघे चालत नव्हते म्हणून. प्रत्येक बिलावर भाडं तेवढं आणि पुढं लिहिलेलं, कॉल शून्य. अकरा वर्षांत तिनं कुणाला एक फोन लावला नव्हता. नुसता एक यायचा, दहाचा. हल्ली तो लावताना तात्यासाहेबांचं मन खायचं. हे आपण बाईसाठी करतोय की पेटीसाठी? ते स्वतःला विचारायचे आणि उत्तर यायच्या आत नंबर फिरवायचे.

मेच्या दहा तारखेला ते तिच्या ओसरीवर तार बघत होते आणि कृष्णात मोटारसायकलवरून उतरला. त्याच्या हातात नवा कोरा मोबाइल होता.

"आत्ती, ह्यो घे. आता त्यो डबडा दिऊन टाक. महिन्याला भाडं भरतीस आन् एक फोन लावत न्हाईस. लाइनमन, अर्ज कुठं द्यायचा वो?"

एकवीस दिवस राहिले होते. खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. तात्यासाहेब म्हणाले, "हापिसात. पण सही बाईंची लागती." एवढं बोलून ते खाली मान घालून उभे राहिले.

"आन् मग टेस्टिंगराव फोन कुठं करतील?" बयाबाईनं विचारलं.

"कोन टेस्टिंगराव?"

"हापिसातले. त्यांचं कामच त्ये हाय, मला इचारायचं. मी फोन दिला तर बिचाऱ्यानं काय करायचं? नोकरीचा प्रश्न हाय त्येच्या."

कृष्णातनं तात्यासाहेबांकडं बघितलं. तात्यासाहेबांनी शेवग्याकडं बघितलं. मोबाइल कपाटात गेला, फोन जागेवर राहिला.

एकतीस तारखेला सकाळी दहा वाजता टेस्टिंगच्या टेबलावरून त्यांनी शेवटचा फोन लावला.

"हॅलो, टेस्टिंग. आवाज येतो का?"

"येतोय की. तुमचाच आज बसलाय, टेस्टिंगराव. गरम पानी प्या."

सांगायचं होतं बरंच. उद्यापासून हा फोन येणार नाही, माझी बदली झाली, काहीतरी. जमलं नाही. "बरं, ठेवतो," ते म्हणाले.

"ठेवतो म्हनू ने. येतो म्हनावं."

"येतो," टेस्टिंगराव म्हणाले आणि त्यांचा नाकातला आवाज घशात उतरला.

दुपारी शाल-श्रीफळ झालं. संध्याकाळी कमरेला पट्टा बांधूनच तात्यासाहेब पेटीपाशी गेले, त्या एका तारेवरून बोट फिरवलं आणि झाकण लावलं. मग बयाबाईला पेढे द्यायला गेले. "आता दुसरा लाइनमन येईल. कधी अडलं तर माझ्या घरचा नंबर हाय भिंतीवर, मीच लिहिलेला."

"दिसतोय मला," बयाबाई म्हणाली आणि पेढा तोंडात टाकला. बास. अकरा वर्षांची ये-जा एका पेढ्यात आटोपली. तात्यासाहेब जरा दुखावूनच घरी आले.

दुसरा दिवस एक जून, रविवार, गुरुजींनी दिलेला वाढदिवस. साडेनऊपासून तात्यासाहेब फोनशेजारी पेपर धरून बसले होते. दहा वाजले. पेपराचं पान काही उलटलं नाही.

"करा की फोन," अक्काताई म्हणाली.

"काय म्हणून करू? टेस्टिंग खात्याचं काम. मी आता खात्यात न्हाई."

"मग माणूस म्हणून करा."

"माणूस म्हणून मी तिला कधी फोनच केला न्हाई गं."

दहा वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला. तात्यासाहेबांनी उचलला.

"हॅलो, टेस्टिंग!" पलीकडून कुणीतरी ओरडलं. "आवाज येतोय काय, तात्यासाहेब?"

तात्यासाहेबांचे डोळे भरून आले. अक्काताई हातवारे करत होती, बोला, बोला.

"येतोय की," ते शेवटी म्हणाले. कपाटातली शिरोळची बोली आपोआप बाहेर आली होती. "तुमाला... कवा कळलं?"

"पयल्या लाडवाला. सुईण हाय मी. पोरगं रडलं की कुनाच्या घरचं त्ये सांगतो, आन् तुम्ही नाकातनं बोलून मला फसवतासा व्हय?"

"मग तवाच का न्हाई सांगितलंसा?"

"सांगितलं असतं तर लाजून फोन बंद केला असतासा. आन् एकट्याला तीन लाडू दिलं असतं तर घेतलं असतासा व्हय? बरं, तीन मिनिटं हुत आली. युनिट पडंल."

"पडू द्या," तात्यासाहेब म्हणाले.

पुढच्या बिलाचे पैसे न्यायला नवा लाइनमन बयाबाईकडं आला तो कपाळाला आठ्या घालूनच. अकरा वर्षं शून्य आणि आता एकदम तीस कॉल, सगळे एकाच नंबरवर. लाइनीत काहीतरी दोष असणार म्हणून त्यानं शिडीही आणली होती.

"आजी, रोज दहाला कुठं फोन करता?"

बयाबाईनं त्याच्यापुढं लाडवाची बशी सरकवली.

"टेस्टिंग करतो," ती म्हणाली.